डबा रिकामा आणायचा नाही

फेब्रुवारी सरत आला की मोशीतल्या आमच्या सातव्या मजल्याच्या गॅलरीत दुपारी एक कोरडा, उबदार वारा यायला लागतो. परीक्षेचा वारा तो. तीस वर्षं शाळेत शिकवलं, हजारो पोरांचे पेपर तपासले, आता निवृत्त होऊन निवांत बसले आहे, पण हा वारा सुटला की मी पुन्हा दहावीला बसते. माझा मुलगा हसतो. म्हणतो, आई, तुला कुणी नापास करणार नाही आता. त्याला काय माहीत!

यंदा वाऱ्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. माझी सून अश्विनी चाकणला एका कंपनीत आहे. सकाळी मी तिचा डबा भरते, संध्याकाळी साडेचारला कंपनीची बस तिला खाली सोडते. येते ती दमून, डबा विसळून ओट्यावर पालथा घालते आणि मोबाइल घेऊन सोफ्यावर पडते. परवा मी सहज विचारलं, "काय गं, आज काय विशेष?"

"कंपनीत कसलं आलंय विशेष, आई? रोजचंच."

ती काही तक्रार करत नव्हती. साध्या आवाजात बोलली. पण तो पालथा डबा आणि ते 'रोजचंच' एकदमच माझ्यासमोर आलं, आणि मी उठून माळ्यावरून आमचा जुना पितळी डबा काढला. तीन पुडांचा, कडीचा. आतली कल्हई उडालेली. चिंच लावून घासायला मला अख्खी दुपार लागली. हात दुखले, पण बरं वाटलं.

हा डबा माझ्या वडिलांचा. तात्यांचा. चाकणच्या पलीकडं आमचं गाव. तिथून तात्या पिंपरीला आले तेव्हा कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या, आणि ज्याला हाताचं कसब आहे त्याला कुणी गाव विचारत नव्हतं. निदान भरती करताना तरी नाही. तात्या लेथवर टर्नर झाले. पत्र्याच्या चाळीत एक खोली मिळाली. शेजारी सावंतकाकू, कोकणातल्या. आम्ही बौद्ध. दीक्षा घेऊन दहा वर्षंही झाली नव्हती, आणि आईच्या अंगात गाव अजून पुरतं मुरलेलं होतं. गावात आमच्या घरचं भांडं दुसऱ्याच्या घरात जायचं नाही आणि दुसऱ्याचं आमच्यात यायचं नाही. त्यामुळं शेजारधर्मात भांडी कशी फिरतात हे तिला ठाऊकच नव्हतं.

एकदा सावंतकाकूंनी वाटीभर खीर पाठवली. आईनं ती आम्हाला वाढली, वाटी राखेनं तीनदा घासली, लखलखीत केली आणि परत द्यायला गेली. काकूंनी वाटीत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगो, रिकामी वाटी आणलीस? रिकामं भांडं कधी परत देऊ नये गो. साखरेचे चार दाणे तरी घालायचे."

आई तशीच वाटी घेऊन घरी आली आणि रडायला लागली. मी लहान होते, मला वाटलं काकू रागावल्या. खूप वर्षांनी आईनं सांगितलं, "आपल्या घरची साखर कुनाला तरी पायजे व्हती, सुमे." त्या दिवशी तिनं वाटीत साखर घातली, वर शेंगदाणे घातले, वर आणखी गुळाचा खडा ठेवला आणि शीग लागलेली ती वाटी दोन्ही हातांनी धरून नेली.

त्यानंतर रिकामं भांडं या गोष्टीचं आईनं जे काही मनावर घेतलं, ते विचारू नका. आठवडाभरात तिची नजर तात्यांच्या डब्यावर गेली. "मी भरून देती, आन तुमी रोज रिकामा आनता व्हय?"

तात्या चेष्टा समजले. पण आई चेष्टा करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी बिचाऱ्यांनी काय करावं? लेथवर पितळ कातताना सोनेरी कुरळ्या पट्ट्या निघतात, त्यातली एक छानशी बघून डब्यात ठेवली. गेटवर वॉचमननं डबा उघडला. झालं! पितळ चोरून नेतो म्हणून तात्यांना बाजूला उभं केलं. तात्या घाम पुसत सांगतायत, "न्हाई ओ, बायको म्हनली रिकामा आनू नका," आणि अख्खी शिफ्ट भोवती जमून हसतेय. शेवटी वॉचमनलाही हसू फुटलं. "भावा, बायकोला फूल न्यायचं असतं, पितळ न्हवं," असं कुणीतरी ओरडलं आणि तात्या सुटले. पट्टी तिथंच राहिली.

त्या दिवसापासून नियम ठरला. कंपनीतलं काही नाही, विकतचं काही नाही. गेट ते घर या रस्त्यावर जे सापडेल ते. आणि आणणाऱ्यानं उघडायचा नाही. तात्या सायकल लावत, डबा ओट्यावर ठेवत, पाय धुवायला जात. आई चहाचं आधण ठेवी आणि मगच कडी काढी. तोवर मी नाक डब्याला लावून उभी.

काय काय निघालं त्या डब्यातून! बोरं, चिंचेचे आकडे, हरभऱ्याचा टहाळ. वाजणाऱ्या बाभळीच्या शेंगा. नीलपंखाचं एक पीस, जे मी भूगोलाच्या पुस्तकात इतकी वर्षं ठेवलं की त्याचा निळा डाग पडलाय असं मला वाटायचं. एकदा वळवाच्या गारा पडल्या तेव्हा तात्यांनी गार डब्यात घातली आणि जिवाच्या आकांतानं सायकल मारली. आईनं उघडलं तर तळाशी चमचाभर पाणी. "गार व्हती," तात्या ओशाळून म्हणाले. आईनं ते पाणी बोटानं माझ्या डोळ्यांना लावलं आणि उरलेलं स्वतःच्या.

एकदा नुसता दगड निघाला. आई म्हणाली, "आता ह्यो काय?"

"हात लाव की."

थंडीतली संध्याकाळ होती. दगड दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होता. आईनं तो मुठीत धरला आणि तसाच धरून एका हातानं चहा गाळला.

लोकांना वाटेल तात्या मोठे आनंदी, हौशी गृहस्थ असतील. छे! कमी बोलायचे, पटकन हिरमुसायचे, चारचौघांत भिंतीला धरून चालायचे. आनंद त्यांच्या स्वभावात नव्हता. लेथवर हात बसवावा लागतो तसा त्यांनी तो रोज थोडा थोडा बसवला होता. संध्याकाळी दाखवायचं असलं की दिवसा बघावं लागतं, एवढंच त्यातलं गुपित. आठ तास मशीनच्या आवाजात उभा राहिलेला माणूस घरी येताना मान वर करून झाडं बघत येत असे, कारण घरी एक बाई चहाचं आधण ठेवून डब्याची कडी काढायला थांबलेली असे. मी पुढं शाळेत मूल्यशिक्षणाचे तास घेतले, आनंदी कसं राहावं यावर भाषणं दिली. त्यातल्या एकाही भाषणाला या डब्याची सर नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

माहीत होतं, कारण तो डबा मीच एकदा बंद पाडला होता.

मी दहावीला होते. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त आली त्याला तीन-चार वर्षंच झाली होती. संक्रांतीच्या आसपास तात्यांच्या कंपनीला टाळं लागलं. पगारवाढीची बोलणी फिसकटली, मालकांनी गेटवर नोटीस लावली, आणि ज्या भोंग्यावर आमची चाळ उठायची, जेवायची, झोपायची, तो भोंगा वाजेनासा झाला. त्या शांततेची सवय व्हायला फार दिवस लागले. दूध उतू जायला लागलं. बायकांना वेळच कळेना.

कामगार रोज गेटसमोर मांडव घालून बसत. तात्याही डबा घेऊन जात आणि दुपारी परत येत. डब्यातून तरीही काहीतरी निघेच. पहिले दोन आठवडे मला त्यात गंमत वाटली. मग घरातले डबे तळ दाखवायला लागले, चाळीतली एकेक बाई कामाला जायला लागली, आणि माझी पूर्वपरीक्षा आली. माझ्या डोक्यात एकच भुंगा. कंपनी उघडली नाही तर आपली शाळा इथंच संपली. शेजारच्या शकूचं लग्न ठरलंच होतं.

त्या दिवशी आई रिकामी वाटी घेऊन सावंतकाकूंकडं पीठ मागायला गेली होती. मी दारातून पाहिलं. जी बाई शिगोशीग भरल्याशिवाय वाटी उंबऱ्याबाहेर नेत नव्हती, ती पदराखाली रिकामी वाटी लपवून चालली होती. मी भूमितीच्या वहीवर रेघा ओढत बसले. तेवढ्यात तात्या आले, डबा ठेवला, पाय धुवायला गेले. आईची वाट न बघता मी कडी काढली. आत पांगाऱ्याची फुलं. लालभडक, डबा भरून.

तात्या आत आले आणि मी तोंड सोडलं. "आई रिकामी वाटी घेऊन दारोदार फिरतीय, आणि तुम्ही फुलं कसली आणता? पुरे झालं आता हे खूळ!"

जीभ माझी पहिल्यापासून तिखट. पण त्या दिवशी ती कुठं लागली ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तात्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "खरं हाय तुझं."

फुलं त्यांनी नळाजवळच्या कुंडीत ठेवली, डबा घासला, पुसला आणि वरच्या फळीवर पालथा घातला. दुसऱ्या दिवशी ते मोकळ्या हातांनी गेले आणि मोकळ्या हातांनी आले.

बस, एवढंच झालं. कुणी रुसलं नाही, भांडलं नाही. चहा होत होता. पण तात्या आता खाली बघत सायकल मारायचे. आईनं विचारलं, "काय गेटवर?" तर म्हणायचे, "न्हाई काय." ते 'न्हाई काय' घरात साचत गेलं. आई सकाळी ट्रकमधून मोशीला कांदे काढायला जायला लागली. मी म्हटलं, डबा ने. तिनं भाकरी फडक्यात बांधली. "तो त्येंचा हाय," म्हणाली. मला ओरडली नाही, हीच शिक्षा.

एकदा मी गुपचूप डबा काढून तात्यांच्या सायकलच्या हॅन्डलला अडकवला. त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला. "ऱ्हाऊ दे. अभ्यास कर तू."

मला माफी मागता आली नाही. आमच्या घरात माफी मागायची पद्धतच नव्हती. चूक झाली की पाण्याचा तांब्या नेऊन द्यायचा, एवढंच. तांबे मी खूप दिले. तात्या पाणी प्यायचे आणि तांब्या परत द्यायचे.

मार्च उजाडला. परीक्षेचं केंद्र चिंचवडला, दिवसाला दोन पेपर, मधल्या सुटीत जेवण. पहिल्या दिवशी आई पहाटेच ट्रकवर गेलेली. उठले तर तात्या चुलीपुढं. आयुष्यात पहिल्यांदा भाकरी थापत होते. तिला तालुक्याच्या नकाशासारखे कोपरे होते. पिठलं झालं होतं. आणि ओट्यावर तीन पुडांचा पितळी डबा, उताणा, पुसलेला. तात्यांनी तो भरला, कडी लावली आणि माझ्या दप्तराशेजारी ठेवला.

पेपरात काय लिहिलं ते आता आठवत नाही. मधल्या सुटीत ती भाकरी खाल्ली, डबा नळावर धुतला, आणि मग मात्र माझं दुपारच्या पेपरातलं लक्ष उडालं. डबा रिकामा होता. आणि तो मला भरून मिळाला होता.

पाच वाजता बाहेर पडले. तात्यांचा रोजचा रस्ता तो. मी शोधत निघाले. धुरळा, ट्रक, ऑइलचे डाग, फुटकी काच, बिडीची थोटकं. बोरी होत्या त्या झोडपून झालेल्या. चिंचेखाली नुसती टरफलं. एवढ्या वर्षांत या माणसानं या रस्त्यावरून रोज काहीतरी घरी नेलं होतं, आणि मला धड एक फूल सापडेना! कंपनीचं बंद गेट आलं. मांडवात दोन-चार माणसं पेंगत बसली होती. गेटच्या पुढं, वळणावर एक पिंपळ होता. मी त्याच्या पारावर बसले आणि भरपूर रडले. रडून मान वर केली तर सगळं झाड तांबूस. नवी पालवी. मावळतीचं ऊन पानांच्या आरपार येत होतं, आणि पानं इतकी कोवळी की त्यांना अजून सळसळायलाही येत नव्हतं. एक खालची फांदी हाताला लागली. दोन पानं घेतली, वरच्या पुडात ठेवली आणि कडी लावली.

तात्या उंबऱ्यात बसले होते. "पेपर?"

"बरा गेला."

मी डबा ओट्यावर ठेवला आणि पाय धुवायला गेले. मुद्दाम हळूहळू धुतले. परत आले तर डबा तसाच, तात्या तसेच. तेवढ्यात आई आली, हाताला कांद्याचा वास घेऊन. तिनं ओट्यावर पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आधण ठेवलं. मग तात्यांना म्हणाली, "उघडा की. तुमी भरलाय, तुमीच उघडा."

तात्यांनी कडी काढली. पान बोटांत धरलं, दाराच्या उजेडात नेलं. खूप वेळ बघत होते.

"कुठं घावलं?"

"तुमच्या गेटच्या पुढं. वळणावर पिंपळ आहे ना, त्याचं."

"आरं तिच्या!" तात्या म्हणाले. "एवढी लाल पालवी? इतकी वर्सं त्या रस्त्यानं जातोय, मला कवा दिसली न्हाई."

आईनं चुलीकडं तोंड फिरवलं. कांद्यानं डोळे झोंबत असतील असं मला वाटलं. मला तर आकाश ठेंगणं झालं होतं. तात्यांना न दिसलेलं काहीतरी मला दिसलं होतं! आईनं एक पान बुद्धाच्या फोटोपुढं ठेवलं, दुसरं तात्यांनी खिशात. दुसऱ्या दिवशी मला डबा पुन्हा भरून मिळाला. परीक्षा संपली त्या संध्याकाळी तात्या मांडवातून आले, डबा ओट्यावर ठेवला, पाय धुवायला गेले. आत चार बोरं होती, हंगाम संपतानाची, किडकी. आम्ही ती किडीसकट गोड मानून खाल्ली. कंपनी उघडली मेमध्ये. आमच्या घरात ती मार्चमध्येच उघडली होती.

तात्या गेले. चाळ पाडली. आई शेवटची वर्षं माझ्याजवळ, इथं मोशीत होती. सातव्या मजल्यावरून खाली बघून म्हणायची, "हितंच कुठंतरी मी कांदं काढलं बघ." एकदा मी शेजारणीला ही पिंपळपानाची गोष्ट रंगवून सांगत होते. तात्यांना जे कधी दिसलं नाही ते मला कसं दिसलं वगैरे. आई मेथी निवडत होती. शेजारीण गेल्यावर तिनं मान न उचलता सांगितलं.

"त्याच पिंपळाखाली तर जेवायचे ते. रोज."

मला कळेना.

"नवीन लागले तवा कँटीनात बसले, की शेजारची ताटं उठून पल्याड जायची. मग ह्ये डबा घिऊन भायेर जायला लागले. फुडं दिस बदलले, लोक हाका मारून बोलवायचे. तरी ह्ये त्या झाडाखालीच. सगळ्या रस्त्याचं डब्यातनं आनलं, त्या झाडाचं कवा पान बी आनलं न्हाई. मी इचारलं न्हाई. आन तू नेमकं त्येच आनलंस."

मेथीच्या काड्या तिनं एका बाजूला सारल्या आणि उठून गेली. तात्या माझं मन राखायला खोटं बोलले, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं आणि त्याचं भरून येत होतं. आता वाटतं, कदाचित ते खरंच असेल. एकटा, खाली मान घालून भाकरी खाणाऱ्या माणसाला वरची पालवी दिसली नसेल. एवढी वर्षं त्या झाडाखाली त्यांनी जे गिळलं, ते डब्यात घालून आमच्यापर्यंत कधी येऊ दिलं नाही. गेट सुटल्यावर, वळणाच्या पुढं, ते आमच्यासाठी बघायला सुरुवात करत. आणि मी त्याला खूळ म्हणाले होते. ती दोन पानं माझ्या हाताला लागली नसती तर मी आयुष्यभर त्यांच्याकडं वर मान करून पाहू शकले नसते. तात्या, मला तुमची फार आठवण येते. मार्चमध्ये तर फारच.

आज सकाळी बसनं चिंचवडला गेले. रस्ता ओळखू येत नाही. कंपनीच्या जागी दुसरंच काही उभं आहे. पण वळण आहे, आणि पिंपळ आहे. पार गेला, बुंध्याला सिमेंटच्या गट्टूंनी वेढलंय, फांद्या एका बाजूनं छाटल्यात. राहिलेल्या फांद्यांवर पालवी आली आहे. तशीच. रस्त्यात उभं राहून पान तोडणाऱ्या म्हातारीकडं एक रिक्षावाला बघत होता. "काय पाहिजे आजी?" म्हणाला. मी म्हटलं, "मिळालं, बाबा."

आता चार वाजले आहेत. डबा ओट्यावर आहे, उताणा, कडी लावलेला. मी पाय धुतले. चहाचं आधण काढून ठेवलं आहे, गॅस पेटवला नाही. साडेचारला खाली बस येईल. अश्विनी दमून येईल, तिचा डबा विसळेल, आणि हा कुणाचा म्हणून विचारेल.

मघापासून दोनदा हात कडीकडं गेला. पण आणणाऱ्यानं उघडायचा नसतो.